वाढत्या अंगाचें

आमच्या लहानपणीं शिंप्याकडे मुलांचे कपडे शिवावयास टाकतांना घरांतील वडील मंडळी एक सूचना न चुकतां देत असत: "वाढत्या अंगाचे शिवा." मग शिंपी खांद्यावर धरलेली फीत मनगटाशीं न थांबवितां बोटांच्या पेरांपर्यंत आणून सोडीत असे. पहिलें वर्षभर सदऱ्याच्या बाह्या दुमडून घालाव्या लागत, दुसऱ्या वर्षीं सदरा अंगास बरोबर बसे, आणि तिसऱ्या वर्षीं तो धाकट्या भावाच्या वांट्यास जाई. मध्यम स्थितींतील संसाराच्या अर्थशास्त्रांत याहून निर्विवाद असा नियम क्वचितच सांपडेल. त्या नियमांत काटकसर तर होतीच. पण नीट पाहिलें तर काटकसरीहून मोठी अशी एक श्रद्धाहि त्यांत होती. हें मूल जगणार आणि वाढणार, असें गृहीत धरल्यावांचून कोणी वाढत्या अंगाचा सदरा शिवीत नाहीं. आणि ज्या पिढ्यांनीं हा शब्दप्रयोग आपल्यापर्यंत आणून पोंचविला, त्यांच्या घरीं ही गोष्ट गृहीत धरण्यासारखी खास नव्हती.

हा नियम मुलांच्या सर्वच वस्तूंना लागू पडतो काय, असा प्रश्न वयाचीं साठ वर्षें उलटून गेलीं तरी माझ्या मनांत आला नव्हता. तो आला २०१८ सालच्या उन्हाळ्यांत, अमेरिकेच्या आयोवा संस्थानांतील एका दुकानांत. माझी मुलगी व जांवई नोकरीनिमित्त तेथें एका लहानशा गांवाबाहेर राहतात. सभोंवार क्षितिजापर्यंत मक्याचीं आणि सोयाबीनचीं शेतें, शेजार शेतकऱ्यांचा. त्या शेजारांतील मुलांपाशीं चार रुंद चाकांची, मोटारसायकलीसारखें हँडल व खोगिरासारखी बैठक असलेली एक गाडी असते. तिला क्वाड बाइक म्हणतात. मोठीं माणसें तिच्यावरून कुंपणें तपासतात, गुरांना चारा नेतात. मुलांकरितां तिच्याच लहान आकाराच्या गाड्या मिळतात. माझा नातू त्या वेळीं नऊ वर्षांचा होता. शेजारच्या मुलांपाशीं आहे, मग मला कां नाहीं, हा त्याचा युक्तिवाद; आणि नऊ वर्षांच्या वयांत याहून बळकट युक्तिवाद कोणापाशीं असतो?

दुकानांत त्याच्या वयाच्या वर्गांतील एक गाडी होती. पण ती त्याला आतांच आंखूड वाटूं लागली होती. तिच्या शेजारीं एक पायरी मोठी अशी दुसरी होती. जांवई म्हणाले, "ही मोठीच घेऊं. वर्ष-दोन वर्षांत त्याला बरोबर होईल." मी मान डोलाविली. प्रस्तुत निबंध लिहिण्याचें कारण ती डोलाविलेली मान होय.

दुकानदार वयस्क होता. त्यानें वाद घातला नाहीं. मुलाला त्या मोठ्या गाडीवर बसविलें आणि पाय ठेवण्याच्या पट्ट्यांवर उभें राहावयास सांगितलें. उभें राहिल्यावर बैठक व शरीर यांमध्यें तीन ते सहा इंच अंतर असावें लागतें. येथें तें जवळ जवळ नव्हतेंच. मग मुठी धरून बोट ब्रेककडे न्यावयास सांगितलें. बोटाचें पहिलें पेर तरी ब्रेकच्या दांड्यावर बसलें पाहिजे. नातवाच्या बोटाचें केवळ टोंक टेकत होतें. शेवटीं हँडल एका अंगास पूर्ण वळविलें, तेव्हां बाहेरच्या बाजूचा हात कोपरांत ताठ होऊन खांदा पुढें ओढला गेला. दोन मिनिटांची ही परीक्षा आम्ही दोघे सुशिक्षित गृहस्थ मुकाट्यानें पाहत होतों. त्यापूर्वीं आम्ही काय पाहिलें होतें? मुलगा गाडीवर बसतो, एवढेंच. बसणें आणि मापांत बसणें यांतील भेद शिंप्याच्या दुकानांत ज्यांना कळतो, तीं माणसें येथें कशीं चुकलीं?

हें समजण्यास या वाहनाचा स्वभाव थोडासा जाणून घ्यावा लागतो. मोटारींत मनुष्य बसतो. क्वाड बाइकवर तो वाहनाचाच एक अवयव होतो. वळण घेतांना बाहेरच्या चाकाला आंतल्या चाकापेक्षां अधिक अंतर कापावें लागतें. मोटारींत दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीनें फिरूं देणारी योजना असते. या जातीच्या पुष्कळ गाड्यांत मागचीं दोन्ही चाकें एकाच सलग आंसावर जखडलेलीं असून बरोबरीनें फिरतात. त्यामुळें गाडी सरळच जाऊं पाहते, आणि स्वाराला आपलें अंग कलवून आंतल्या चाकावरील भार हलका करावा लागतो. चढावर अंग पुढें न्यावें लागतें, उतारावर मागें, आणि आडव्या उतरणीवर चढाच्या बाजूस. बैठक लांब ठेवलेली असते ती दुसऱ्याला मागें बसविण्याकरितां नव्हे, तर एकट्या स्वाराला असें पुढें-मागें सरकतां यावें म्हणून. सारांश, स्वाराचें वजन हें या वाहनाचें दुसरें सुकाणूं आहे. नऊ वर्षांच्या मुलाचें वजन अठ्ठावीस-तीस किलो. प्रौढांच्या पुष्कळ गाड्यांचें वजन अडीचशें-तीनशें किलोंच्या घरांत, आणि मुलांच्या गाडीचेंहि शंभराच्या आसपास. गाडी जितकी मोठी, तितकें हें सुकाणूं दुबळें. आणि गाडी उलटली तर तिच्याखालीं सांपडण्याचें भय तितकेंच अधिक.

हें ज्ञान फुकट आलेलें नाहीं. होंडा कंपनीनें या जातीची पहिली गाडी १९७० सालीं अमेरिकेच्या बाजारांत आणली, ती तीन चाकी होती. सुझुकीची चार चाकी गाडी १९८२ च्या सुमारास निघाली. त्या काळांत या गाड्यांवर इतके अपघात झाले, आणि त्यांत इतकीं मुलें सांपडलीं, कीं अखेर सरकारला न्यायालयांत जावें लागलें. १९८८ सालच्या तडजोडीनें कारखानदारांनीं तीन चाकी गाड्या विकणें सोडलें, आणि प्रौढांच्या आकाराच्या गाड्या सोळा वर्षांखालील मुलांसाठीं विकल्या जाऊं नयेत असें मान्य केलें. पुढें मुलांच्या गाड्यांचे सहा, दहा, बारा व चौदा वर्षांपासूनचे असे वर्ग पडले. सहा वर्षांच्या वर्गांतील गाडी तासास १५ मैलांहून अधिक वेगानें जाऊं नये, आणि कारखान्यांतून बाहेर पडतांना तिला १० मैलांचा लगाम घातलेला असावा. दहा व बारा वर्षांच्या वर्गांस ३० मैलांची सीमा आणि १५ मैलांचा लगाम. हा लगाम पालकाच्या हातीं असतो, व मुलाची तयारी पाहून त्यानें तो सैल करावयाचा असतो. रूक्ष यंत्रनियमांत शिक्षणशास्त्रांतील एक चांगलें तत्त्व अशा रीतीनें येऊन बसलें आहे.

त्या रात्रीं जेवणानंतर जांवयांनीं आपली बाजू मांडली. "बाबा, तुम्ही सायकल कशी शिकलांत? तासाच्या भाड्यानें आणलेली मोठ्या माणसाची सायकल. नळीवरून पाय पोंचत नाहीं म्हणून नळीखालून पाय घालून कैची मारावयाची. तुमच्या मापाची सायकल तुम्हांला कोणी आणून दिली होती? पडलांत, गुडघे फोडून घेतलेत, आणि शिकलांत." हा युक्तिवाद हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. आमच्या पिढीची सारी धिटाई त्या कैचींतून आली असें म्हटलें तरी चालेल.

परंतु त्याला दोन उत्तरें आहेत. पहिलें असें कीं, "आम्ही असेच शिकलों, आम्हांला कांहीं झालें नाहीं," ही साक्ष देण्यास तेच उरतात ज्यांना कांहीं झालें नाहीं. ज्यांना झालें, ते जेवणानंतरच्या गप्पांना येत नाहींत. म्हणून ही साक्ष खरी असूनहि अपुरी असते.

दुसरें उत्तर मला अधिक महत्त्वाचें वाटतें. वस्तूचें मोठेपण सर्वत्र एकाच जातीचें नसतें. सदऱ्याचें मोठेपण निश्चेष्ट असतें. तें अंगावर लोंबत राहतें, आणि शाळेंत चार पोरें हंसतील यापलीकडे मुलाचें त्यानें कांहीं बिघडत नाहीं. सायकलीचें मोठेपण अडचणीचें असतें. पण तिला चालविणारी शक्ति मुलाच्या स्वतःच्या पायांतून येते. सपाट रस्त्यावर मुलाची सायकल त्याच्या पायांच्या बळापलीकडे धांवूं शकत नाहीं. पाय थकले कीं सायकलहि थकते. एंजिनाच्या गाडीचें मोठेपण मात्र क्रियाशील असतें. तेथें अंगठा नऊ वर्षांचा, आणि त्या अंगठ्यानें दाबावयाच्या कळीमागची शक्ति प्रौढाची. ही शक्ति मुलानें मिळविलेली नसते, त्याला उसनी दिलेली असते. आणि उसनी शक्ति घेणाऱ्याच्या थकव्याबरोबर थकत नाहीं व त्याच्या भीतीबरोबर थांबत नाहीं. उलट घाबरलेलें मूल हातांतील मूठ अधिकच आंवळतें, आणि त्याबरोबर तो अंगठाहि दाबला जाण्याचा संभव असतो. म्हणून माझें म्हणणें असें कीं, मुलाला कोणतीहि उसनी शक्ति द्यावयाची झाल्यास, मग ती गाडी असो, पैसा असो वा अधिकार असो, ती त्याच्या आजच्या अंगाच्या मापानें द्यावी. वाढत्या अंगाचा नियम येथें संपतो.

येथें कोणी म्हणेल, मग ती मुळीं द्यावीच कां? असें म्हणणारे लोक सामान्य नाहींत. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २००० सालीं स्पष्ट सांगितलें कीं, सोळा वर्षांखालील मुलांनीं अशीं वाहनें चालवूंच नयेत. मॅसॅच्युसेट्स संस्थानानें २०१० सालीं, थोडे अपवाद सोडून, चौदा वर्षांखालील मुलांना कायद्यानेंच बंदी केली. या मताच्या मागें असलेला विचार खरा आहे. माप हें केवळ हातापायांचें नसतें. धोका ओळखणें, वेगाचा अंदाज घेणें, मोह आवरणें या शक्तींचेंहि एक माप असतें, आणि तें कोणत्याहि फितीनें घेतां येत नाहीं. मुलगा सोळा वर्षांचा झाला कीं त्याच्याशीं मित्राप्रमाणें वागावें, असें आपल्याकडील एक जुनें सुभाषित सांगतें. इतक्या दूरच्या दोन ठिकाणांहून एकाच वर्षावर बोट ठेवलें जावें, हा योगायोग असला तरी विचार करावयास लावणारा आहे.

मीहि त्या रात्रीं प्रथम याच मताचा झालों. "नकोच ती गाडी" असें म्हणून मोकळें होणें आजोबांना सोपें असतें. पण त्याच देशांत घडलेला एक प्रकार जांवयांनीं मला सांगितला. मुलांच्या वस्तूंत शिसें किती असावें याला २००८ सालच्या एका कायद्यानें कडक मर्यादा घातली. हेतु उत्तम होता. मुलें खेळणीं तोंडांत घालतात. परंतु कायद्याच्या शब्दांप्रमाणें मुलांची क्वाड बाइक हीहि मुलांचीच वस्तु ठरली. तिच्या बॅटरींत आणि चाकांच्या व्हॉल्व्हमध्यें शिसें होतें. त्यामुळें फेब्रुवारी २००९ मध्यें लहान गाड्यांची विक्री बंद पडली. मोठ्या गाड्यांची चालूच होती. आतां मुलें बापाच्या गाडीवर बसतील, हें भय इतकें खरें वाटलें कीं त्याच वर्षीं अंमलबजावणीस स्थगिति द्यावी लागली, आणि २०११ सालीं कायदा दुरुस्त करून या गाड्यांना सूट मिळाली. वस्तूंत काय आहे हें कायद्यानें बारकाईनें पाहिलें. वस्तु आणि मूल यांचें नातें पाहावयाचें मात्र राहून गेलें. आमच्या घरीं मोठी गाडी नव्हती, पण कुंपणापलीकडे होती. जेथें मोठी गाडी हाताशीं उभी आहे, तेथें आजोबांचें "नको" हें कुलूप होऊं शकत नाहीं.

तेव्हां प्रश्न नुसता गाडीचा राहत नाहीं. १८५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथांत मिल्लनें प्रौढ मनुष्यास स्वतःपुरतें साहस करण्याची मोकळीक दिली, आणि मुलांना त्या तत्त्वांतून स्पष्टपणें वगळलें. मुलांच्या बाबतींत ठरविणारा एक असतो आणि हाडें ज्याचीं मोडावयाचीं तो दुसरा असतो. दुसऱ्याच्या हाडांविषयीं ठरविण्याचा हा अधिकार आईबापांना कशाच्या बळावर मिळतो? साहस मुळींच करूं द्यावयाचें नाहीं असें म्हणून तो प्रश्न सुटत नाहीं. कारण पडल्यावांचून कोणतेंहि मूल चालावयास शिकलेलें नाहीं.

या प्रश्नाचें उत्तर शोधतांना मला गांवची विहीर आठवते. पाठीला सुका भोपळा बांधून काका आम्हांला पाण्यांत सोडीत. त्या शिक्षणांत तीन गोष्टी होत्या. पोहणें ही मुलाच्या पुढच्या आयुष्यास उपयोगी अशी विद्या होती. मुलाचे हात चुकले तर भोपळा त्याला वर ठेवी, म्हणजे चूक सुधारण्यास अवकाश होता. आणि काका कांठावर उभे राहून हुकूम सोडीत नसत. ते स्वतः पाण्यांत असत. माझ्या मतें पालकाच्या अधिकाराला याच तीन अटी आहेत. साहस मुलाच्या वाढीसाठीं असावें, त्यांतील चूक निस्तरतां येण्याजोगी असावी, आणि ठरविणारानें आपला वेळ व आपलें लक्ष घेऊन स्वतः पाण्यांत उतरावें. मापाबाहेरची गाडी दुसऱ्या अटीला उतरत नाहीं; आणि गाडी घेऊन देऊन दिवाणखान्यांत बसणारा बाप तिसरीला उतरत नाहीं.

पहिली अट सर्वांत फसवी आहे. साहस मुलाच्या वाढीसाठीं आहे कीं आपल्या हौसेसाठीं, हें आपलें आपल्याला कळत नाहीं. कोंकणच्या किनाऱ्यांवर सुट्टीच्या दिवसांत याच गाड्या भाड्यानें मिळतात. बाप चार वर्षांच्या मुलाला पुढें बसवितो, त्याचे हात हँडलावर ठेवतो, आणि आई छायाचित्र घेते. एकट्यासाठीं केलेल्या गाडीवर दोघे बसले कीं वजनाचा सारा हिशेब चुकतो, तें असो. पण त्या छायाचित्रांत धीट दिसतो तो मुलगा, आणि हौस फिटते ती बापाची. आयोवांतील त्या दुकानांत माझी मान कां हलली, याचाहि मी शोध घेतला. काटकसर हें कारण नव्हतें. जांवयांची मिळकत चांगली आहे. आपला मुलगा वयाच्या मानानें पुढें आहे, हें मला ऐकावयास आवडलें, हें खरें कारण. एक इयत्ता गाळून मुलाला वर चढविण्याची जी हांव आमच्या वर्गांत पूर्वीपासून आहे, तीच ही. आपण ज्याच्यावर प्रेम करतों तो पुष्कळदां समोरचा मुलगा नसतो. दोन वर्षांनंतरचा, आपल्या मनांतला मुलगा असतो. समोरचा बिचारा त्याच्या गाडीवर बोट ताणून बसलेला असतो.

१९०७ सालीं रोम शहरांत मॉंटेसोरीबाईंनीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. त्यांच्या पद्धतींत टेबलें व खुर्च्या मुलांच्या उंचीच्या आणि त्यांना उचलतां येतील अशा करण्यांत आल्या. तोच विचार ताराबाई मोडक यांनीं पुढें बोर्डी व कोसबाड येथील बालवाड्यांत, गांवच्या साध्या साहित्यांतून, देशी रूपांत आणला. लहान खुर्ची दोन वर्षांत अपुरी पडणार, हें त्यांना ठाऊक नव्हतें काय? ती अपुरी पडावी, हाच तर तिचा उद्देश होता.

त्या उन्हाळ्यांत आम्ही गाडी घेतली नाहीं. जांवयांनीं मुलाला खरें कारण सांगितलें: बोट पोंचत नाहीं. वय लहान आहे, असें सांगितलें असतें तर तो भांडला असता. बोटाशीं भांडतां येईना. दोन दिवस तो रुसला, आणि मग सायकलीच्या ब्रेकवर बोट टेकवून तें किती पुढें जातें हें पाहूं लागला. पुढच्या वसंत ऋतूंत तो दहा वर्षांचा झाला, त्याच दुकानांत तीच परीक्षा पुन्हा झाली, आणि ती उतरल्यावर दहा वर्षांच्या वर्गांतील गाडी घरीं आली. तिच्याबरोबर हेल्मेट आलें, शिकवणी आली, आणि रस्त्यावर कधींहि जावयाचें नाहीं, दुसऱ्याला मागें घ्यावयाचें नाहीं व वडील शेतांत उभे असल्यावांचून एंजिन चालू करावयाचें नाहीं, असे तीन नियम आले. १५ मैलांचा लगाम वर्षभर कोणी सैल केला नाहीं. जांवयांचे रविवार त्यांत गेले. त्यांनीं तक्रार केली नाहीं.

हें बरोबर झालें कीं डॉक्टरांचेंच ऐकावयास हवें होतें, हें मी आजहि निश्चयानें सांगूं शकत नाहीं. त्या काळांत अवेळीं फोन वाजला कीं माझ्या डोळ्यांपुढें प्रथम ती गाडी उभी राही. माप घेतल्यानें भय कमी होतें, नाहींसें होत नाहीं. आणि तें नाहींसें व्हावें अशी अपेक्षा करण्याचा हक्कहि ठरविणाराला नाहीं.

२०२१ सालीं मुलाचे गुडघे हँडलाला लागूं लागले, तेव्हां ती गाडी शेजारच्या एका लहान मुलीला अर्ध्या किंमतींत देऊन टाकली. जांवयांनीं फोनवर सांगितलें, "बाबा, दोनच वर्षांत लहान झाली. मोठी घेतली असती तर अजून चालली असती." मीं विचारलें, "कोण चाललें असतें?" ते थोडा वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "खरें आहे."

आमच्या घरीं तिसऱ्या वर्षीं जो सदरा धाकट्याला मिळे, तो त्याला मोठाच होई, आणि त्याच्याहि बाह्या दुमडाव्या लागत. त्यांत कोणाचें नुकसान झालें नाहीं. ज्या वस्तूंच्या बाह्या दुमडतां येतात, त्या खुशाल वाढत्या अंगाच्या घ्याव्या. ज्यांच्या येत नाहींत, त्या घेतांना मुलाला समोर उभें करून त्याचें आजचें माप घ्यावें, आणि वस्तु लहान होईल त्या दिवशीं खर्च झाला म्हणून हळहळूं नये.